टेबलावरच्या कॅल्क्युलेटरमध्ये गणित नेमकं कुठे होतं?

किराणा दुकान सांभाळणाऱ्या एका तरुणाचे तीन प्रश्न आहेत. गल्ल्यावरचा बारा अंकी कॅल्क्युलेटर नीट दिसेना म्हणून त्यांनी तो उघडला. आत रबराची एक चादर, एक पातळ पाटी (सर्किट बोर्ड) आणि पाटीवर डांबराचा थेंब पडावा तसा काळा ठिपका, एवढंच निघालं. मग गणित होतं कुठे? दुसरं, मोबाइलवर १०० अधिक ५ टक्के केलं की १०५ येतात, या यंत्रावर १०५.२६३ येतात. हा बिघाड आहे का? तिसरं, पडद्यावर एका आकड्याच्या दोन-तीन काड्या उमटत नाहीत, त्या परत येतील का?

मी सत्तावीस वर्षं मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या परिसरात ऑफिसातली यंत्रं दुरुस्त करतो. त्यात कॅल्क्युलेटर किती आले याची मोजदाद ठेवलेली नाही. तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, तेव्हा ती आधी सांगतो. हे यंत्र संगणकाची छोटी आवृत्ती नाही. तिसरीतल्या मुलाला आपण पाटीवर जशी बेरीज शिकवतो, एकक, दशक, हातचा, तशीच ते करतं. त्याचे गुण आणि त्याच्या खोडी दोन्ही तिथूनच येतात.

काळ्या थेंबाखाली सिलिकॉनची एक चकती, म्हणजे चिप आहे, फार तर तांदळाच्या एका दाण्याएवढी. ती पाटीवर उघडीच चिकटवतात, केसाहून बारीक तारांनी पाटीवरच्या रेषांना जोडतात आणि वर एपॉक्सी, म्हणजे कडक होणारा डिंक ओततात. थेंब फोडून दुरुस्ती होत नाही, तारा तुटतात. कुतूहलापोटी कोणी सुरीने खरवडला असेल तर ते यंत्र संपलं असं समजा. बटणं ओळखणं, आकडे साठवणं, आकडेमोड आणि पडदा चालवणं ही चारही कामं त्या एका चकतीत होतात.

ती एक चकती व्हायला वेळ लागला. कॅसिओचं १४-ए हे १९५७ चं यंत्र टेबलाएवढं होतं. त्यात ३४२ रिले, म्हणजे विजेने उघडझाप करणारे खटके होते आणि वजन १४० किलो. शार्पचं सीएस-१०ए १९६४ साली ट्रान्झिस्टरवर आलं, तरी २५ किलोंचं. मग जपानच्याच बिझिकॉम कंपनीने आपल्या छापणाऱ्या कॅल्क्युलेटरसाठी इंटेलकडे चिपा मागितल्या आणि त्यातून १९७१ साली ४००४ ही चिप निघाली, बाजारात विकला गेलेला पहिला मायक्रोप्रोसेसर. आज ज्याला आपण संगणकाचा मेंदू म्हणतो तो मुळात कॅल्क्युलेटरसाठी घडवला गेला, ही गोष्ट मी प्रत्येक शिकाऊ मुलाला सांगतो. त्याच वर्षी मॉस्टेक आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपन्यांनी अख्खा कॅल्क्युलेटर एकेका चिपमध्ये बसवला. तुमच्या पाटीवरचा थेंब त्या घराण्यातला आहे.

आता बटण दाबल्यापासून सुरुवात करू. रबराच्या प्रत्येक बटणाच्या पोटाला एक काळी गोळी असते, कार्बन मिसळलेल्या रबराची. पाटीवर तिच्या बरोबर खाली दोन कंगवे एकमेकांत दात घालून, पण न टेकता बसावेत तशा दोन रेषा असतात. गोळी टेकली की दोन्ही कंगवे जोडले जातात. तीस-बत्तीस बटणांना तेवढ्या स्वतंत्र तारा द्याव्या लागू नयेत म्हणून त्यांची जाळी करतात, समजा आठ उभ्या आणि चार आडव्या ओळी. चिप आळीपाळीने एकेका उभ्या ओळीत संकेत सोडते आणि तो कुठल्या आडव्या ओळीतून परत येतो ते पाहते. म्हणजे कुठल्या चौकटीवर बोट आहे ते कळलं. रबर टेकताना मात्र क्षणभर थरथरतं, त्यामुळे जोड काही मिलिसेकंद लागतो-सुटतो, लागतो-सुटतो. चिप थोडी थांबते, पुन्हा पाहते आणि मगच आकडा घेते. गोळी झिजली किंवा खाली तेलकट मळ बसला की ही थरथर लांबते आणि एका दाबाला दोन आकडे पडतात. ५० टाकले आणि ५५० दिसले, ही तक्रार किराणा आणि मिठाईच्या दुकानांतून फार येते. बंद पडलेल्या यंत्रापेक्षा असं यंत्र धोक्याचं, कारण घाईच्या वेळी कोणी पडद्याकडे बघत नाही.

आकडा चिपमध्ये गेला की तो एका कप्प्यात बसतो. हे कप्पे किती कमी असतात ते पाहण्यासारखं आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या १९७१ च्या चिपमध्ये आकडे ठेवायला १८२ बिट होते, बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायची एक जागा. हिशोब करा. तेरा-तेरा अंकांचे तीन कप्पे, प्रत्येक अंकाला चार बिट, झाले १५६. उरलेले २६ बिट खुणा ठेवायला. एक कप्पा तुम्ही टाकत असलेल्या संख्येचा, एक आधीच्या संख्येचा, तिसरा गुणाकार-भागाकार मांडायला. काय करायचं याच्या सूचना सगळ्या मिळून ३२०. एवढ्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, दशांश चिन्ह सांभाळणं, बटणं ओळखणं, सगळं. नंतर १९७४ साली सिंक्लेअर कंपनीने त्याच घराण्यातल्या ३२० सूचनांच्या चिपमध्ये साइन, कोसाइन आणि लॉगॅरिदमही बसवले. अचूकता कमी पडली, पण इतक्या अडचणीच्या जागेत संसार मांडणाऱ्याबद्दल मला अजून आदर वाटतो.

एका अंकाला चार बिट का, तर चार बिटांत ० ते १५ मावतात आणि आपल्याला ० ते ९ एवढेच हवेत. म्हणजे प्रत्येक अंक आपापल्या घरात वेगळा राहतो. संगणक संपूर्ण संख्या दोनच्या पटीत फिरवून घेतो, कॅल्क्युलेटर तसं करत नाही. तो दहाच्या घरातच राहतो.

बेरीज जवळून पाहू. ७ आणि ५ मिळवायचे आहेत. चार बिटांची बेरीज येते १२, आणि चार बिटांच्या दृष्टीने १२ ही चालणारी संख्या आहे, अजून हातचा यायची वेळ झालेली नाही. त्यांचा हातचा सोळाला येतो, आपला दहाला. मधलं अंतर सहाचं. म्हणून नऊच्या वर गेलं की यंत्र गुपचूप आणखी सहा मिळवतं. १२ आणि ६ म्हणजे १८. सोळाचा हातचा पुढच्या घरात गेला, मागे २ उरले. बारा म्हणजे दोन आणि हातचा एक, अगदी शाळेतल्यासारखं. मघाशी सांगितलेल्या ४००४ मध्ये हे सहा मिळवण्यासाठी खास वेगळी सूचना ठेवलेली होती. मुळात ती चिप कोणाच्या कामासाठी होती हे त्या एका सूचनेवरून कळतं. असं उजवीकडून डावीकडे एकेक घर करत यंत्र बाराही घरं फिरतं.

वजाबाकीला ते उसने घेत नाही, पूरक संख्या घेतं. ५२३ मधून १८७ घालवायचे तर १८७ चा प्रत्येक अंक नवातून वजा करा: ८१२. ते ५२३ मध्ये मिळवा: १३३५. आणखी एक मिळवा: १३३६. डावीकडचा हातचा सोडून द्या: ३३६. वजाबाकीसाठी वेगळा कारखाना लागला नाही, बेरजेचाच कामाला आला. गुणाकारही बेरजेचाच. २३ गुणिले १४ म्हणजे २३ चार वेळा मिळवा, मग एक घर सरकून एकदा मिळवा, ३२२.

भागाकार मला सगळ्यांत आवडतो. ३६५ भागिले १२ घ्या. ३६ मधून १२ वजा करत जा: २४, १२, ०. आणखी एकदा वजा केल्यावर संख्या शून्याखाली गेली, म्हणजे एक वजाबाकी जास्त झाली. ती परत मिळवा. तीनदा जमलं, म्हणून पहिला अंक ३. पुढचा ५ खाली घ्या, त्यात १२ एकदाही जात नाहीत, अंक ०. मग ५० मधून चारदा, २० मधून एकदा, ८० मधून सहादा, पुन्हा ८० मधून सहादा. ३०.४१६६६… हे तयार झालं. यंत्राला पाढे येत नाहीत. ते प्रत्येक वेळी एक पाऊल जास्त टाकून मागे येतं आणि त्यावरूनच किती पावलं होती ते ओळखतं. उत्तरात नऊ जास्त असतील तर वजाबाक्या जास्त. लाल काड्यांच्या जुन्या यंत्रांवर मोठा भागाकार टाकला की पडदा क्षणभर गडबडलेला दिसायचा. ही मेहनत चाललेली असायची.

आता खोडींकडे. १ भागिले ३ करा आणि लगेच ३ ने गुणा. साध्या यंत्रावर ०.९९९९ येतं, मोबाइलवर बहुधा १. साधं यंत्र पडद्यावर मावतात तेवढेच तीन ठेवतं, बाकी सोडून देतं. जे सोडलं ते गुणाकाराने परत येत नाही. याच्या उलट, ०.१ आणि ०.२ मिळवा. कॅल्क्युलेटर स्वच्छ ०.३ देतो. संगणकाच्या नेहमीच्या पद्धतीत हीच बेरीज शेवटच्या घरात किंचित सरकते, कारण एक दशांश ही संख्या दोनच्या पटीत पूर्ण बसतच नाही. रुपये-पैशांच्या कामाला दहाच्या घरातली आकडेमोड का बरी, ते इथे दिसतं.

२ + ३ × ४ चं उत्तर इथे २० येतं, वहीत १४. यातही चूक नाही. गुणाकाराचं बटण दाबताच यंत्र आधी राहिलेली बेरीज उरकून ५ करतं, कारण ती राखून ठेवायला त्याच्याकडे जास्तीचा कप्पा नाही. पडद्यावर ई आला तर उत्तर बारा घरांत मावलेलं नाही. बऱ्याच यंत्रांवर ई सोबत दिसणारी संख्या खरी असते, फक्त ती एक लाख कोटींनी गुणून वाचायची.

टक्क्याचं बटण हे खरं दुखणं आहे आणि त्यात खरोखर पैसे जातात. या बटणाचा एकच सर्वमान्य अर्थ नाही. तुमच्यासारख्या काही यंत्रांत १०० + ५ % याचा अर्थ असा: माझी खरेदी १०० ची आहे, विक्रीच्या किमतीवर मला ५ टक्के नफा सुटला पाहिजे, तर विकू कितीला? म्हणून ते १०० ला ०.९५ ने भागतं आणि १०५.२६३ देतं. पडताळा घ्या, १०५.२६३ चे ५ टक्के ५.२६३ होतात, ते काढले की मागे १०० राहतात. घाऊक व्यापारात हा हिशोब रोजचा असतो, म्हणून बनवणाऱ्याने तो त्या बटणावर ठेवला. यंत्र बिघडलेलं नाही. पण जीएसटी लावायला ही रीत वापरलीत तर घोटाळा होईल. १००० वर १८ टक्के म्हणजे ११८०, आणि हे यंत्र दाखवेल १२१९.५१. बिलामागे जवळजवळ चाळीस रुपयांची चूक. कर लावायचा असेल तर १००० × ११८ % करा, बहुतेक सगळ्या यंत्रांवर ११८० च येतात. करासह किमतीतून मूळ किंमत काढायची असेल तर ११८० ÷ ११८ %, उत्तर १०००. घरी दोन कॅल्क्युलेटर असतील तर दोन्हींवर करून बघा आणि मगच गल्ल्यावर बसा.

पडद्याच्या वर किंवा खाली सरकणारे दोन खटके असतात, त्यांच्याबद्दलही सांगायला हवं. एका कापड दुकानदारांनी यंत्र आणलं. “साहेब, हे पागल झालंय, पाचशे अधिक दोनशे केले तर सात दाखवतं.” मी पडदा बघितला, ७.०० होतं. खटका ए या खुणेवर सरकला होता. तिथे यंत्र शेवटचे दोन अंक पैसे धरतं. ५०० टाकले की ५.००, दशांशाचं बटण न दाबता. पैशांत हिशोब करणाऱ्यांसाठी ही फार चांगली सोय आहे, पण पुसताना फडक्याने खटका सरकला तर दिवसाचा हिशोब शंभर पट खाली येतो. मी खटका एफ वर नेला, पैसे घेतले नाहीत. दुसरा खटका ५/४ चा. त्या जागी अर्धं किंवा त्याहून जास्त असेल ते पुढे धरलं जातं, कट वर उरलेलं कापलं जातं, काही यंत्रांत अप असतं तिथे नेहमी वरच जातं. दोन कारकुनांचे हिशोब एका पैशाने जुळत नसतील तर आधी दोघांचे खटके बघावेत. जीटी हे बटण प्रत्येक बरोबरच्या वेळी आलेलं उत्तर एका बाजूला जमवत जातं. काही यंत्रांत एम ची स्मृती यंत्र बंद झालं तरी टिकते. कालचा एम आजच्या बेरजेत मिसळल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. सकाळी पहिलं काम ते पुसण्याचं.

आता वीज आणि पडदा. खिशातला कॅल्क्युलेटर एका सेलवर टिकू लागला तो एलसीडीमुळे. लाल काड्यांचे पडदे सेल भराभर खायचे. शार्पने १९७३ साली ईएल-८०५ काढला, तो एका साध्या पेन्सिल सेलवर सुमारे शंभर तास चालायचा. एलसीडी स्वतः उजेड देत नाही, फक्त उजेड अडवते, म्हणून तिला वीज नाममात्र लागते. पण तिची एक अट आहे. काडीवरचा विजेचा दाब सतत उलटसुलट व्हावा लागतो. एकाच दिशेने राहिला तर आतलं द्रव्य हळूहळू खराब होतं आणि काडी कायमची जाते. म्हणून पडदा शांत दिसत असला तरी चिप त्याला सतत दिशा बदलून चालवत असते.

सेल दीड व्होल्टचा, बहुधा एलआर ५४ नावाचा बटणासारखा, आणि पडद्याला बऱ्याचदा तीन व्होल्ट लागतात. पाटीवरचे दोन-तीन बारके कपॅसिटर त्यासाठी असतात. चिप त्यात वीज भरून एकावर एक ठेवते आणि दाब दुप्पट करते. सेल नवा असूनही पडदा फिका असेल तर मी आधी तिथे बघतो.

वरची तपकिरी पट्टी सौर असते. तिचं सिलिकॉन ट्यूबलाइटच्या उजेडातही काम करेल अशा जातीचं. उन्हात ठेवलं तर ती गरजेपेक्षा जास्त दाब देते आणि चिप धोक्यात येते. म्हणून अनेक पाट्यांवर आत एक लाल एलईडी लावलेला असतो, बाहेरून कधीच न दिसणारा. दाब साधारण १.६ व्होल्टच्या वर गेला की तो स्वतः वीज वाहून नेतो आणि वाढलेला दाब खाली आणतो. दिव्याचा असा उपयोग करणाऱ्याचं मला पहिल्यांदा फार कौतुक वाटलं होतं. स्वस्त मालात ही पट्टी नुसती शोभेची, मागे तारच नसलेली निघते. ओळखायचं असेल तर सेल काढा, ट्यूबखाली यंत्र चालू करा आणि पट्टीवर तळहात ठेवा. आकडे विझले तर पट्टी खरी. सेल काढल्यावर काहीच उमटलं नाही तर समजून जा.

आता तुमच्या काड्या. प्रत्येक काडीला स्वतंत्र तार नसते, बटणांसारखीच इथेही जाळी असते. एकाच आकड्याच्या दोन-तीन काड्या गेल्या तर त्या आकड्याकडे जाणारी एक रेषा सुटली आहे. सगळ्याच आकड्यांच्या त्याच त्या काड्या गेल्या असत्या तर सगळ्यांना सामाईक असलेली रेषा सुटली, असं निदान झालं असतं. तुमचं पहिल्या प्रकारचं आहे, म्हणजे चिप चांगली आहे आणि काच चांगली आहे, जोड गेला आहे. बटणांनाही हाच न्याय. एकच बटण मेलं तर गोळी किंवा कंगवा, चार-पाच एकदम मेली तर पाटीवरची रेष.

काच आणि पाटी यांच्यात दोनपैकी एक जोड सापडेल. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रबरी कांडी असेल तर सोपं आहे. कांडी काढा, तिच्या कडा, काचेची कड आणि पाटीवरची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, परत बसवून स्क्रू सगळीकडे सारखे आवळा. पातळ पारदर्शक फीत चिकटवलेली असेल तर ती उष्णतेने बसवलेली असते. तिच्यावर पातळ कागद ठेवा आणि कमी वॅटच्या, तापून थोड्या निवलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या बाजूने हलक्या हाताने दोन-तीन सेकंद दाबून पुढे सरका. टोकाने टोचू नका आणि काचेवर जोर देऊ नका. एकदा फीत वितळली की तिला उपाय नाही. आधी एखाद्या भंगार यंत्रावर हात बसवा.

उघडलंच आहे तर कंगवेही पुसून घ्या. ते कार्बनचे काळे असतील तर खोडरबर वापरू नका, कार्बन निघून येतो. तांब्याचे असतील तर चालतं. सेलच्या घरात पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर सेल पाझरला आहे. तो पदार्थ अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा असतो, म्हणून कापसाच्या काडीला थोडा व्हिनेगर लावून पुसा, मग अल्कोहोलने.

झाकण लावायच्या आधी ८ चं बटण बारा वेळा दाबा. आठाला सातही काड्या लागतात, त्यामुळे एकही सुटली असेल तर लगेच दिसते. मग १२३४५६७९ टाका, मधला ८ गाळून, आणि ७२ ने गुणा. चिप, कप्पे आणि हातचे सगळे जागेवर असतील तर पडद्यावर नऊ आठ उभे राहतात. तेवढे दिसले की मी स्क्रू आवळतो.